पोटखराब्याचे मोल : रेणापूर परिसरातील खाजगी जमिनीच्या मूल्यांकनाचा इतिहास

लातूर जिल्ह्याच्या भौगोलिक क्षेत्रात वनांचा वाटा एक टक्काही नाही, आणि राज्यातील सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. जेथे वन आहे तेथे पाऊस अडवणे, पाणी मुरवणे, माती धरून ठेवणे, गुरांना चारा पुरवणे आणि मधमाश्यांना आसरा देणे या कामांचा मोठा भार वनखात्याच्या ताब्यातील जमीन उचलते. लातुरात मात्र हा भार थोड्याफार गायरानांचा अपवाद सोडला तर सातबाऱ्यावर कुणाच्या ना कुणाच्या नावे लागलेल्या शेतांवरच पडतो. निसर्गाच्या अशा कामांना आज ‘परिसंस्था सेवा’ म्हणतात. परिसंस्था म्हणजे माती, पाणी, वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव यांचा परस्परांवर अवलंबून असलेला संसार, आणि सेवा म्हणजे त्या संसारातून माणसाच्या पदरात पडणारा लाभ. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००५ मध्ये पूर्ण झालेल्या जागतिक परिसंस्था मूल्यमापनाने या सेवांचे चार गट केले : धान्य, चारा, लाकूड यांसारखा प्रत्यक्ष पुरवठा, पाणी, हवा, पूर आणि कीड यांचे नियमन, मातीची घडण किंवा अन्नद्रव्यांचे चक्र यांसारखा मूलभूत आधार, आणि श्रद्धा, विसावा, सौंदर्य यांचा सांस्कृतिक लाभ.

रेणापूर हे बालाघाटच्या पठारावरचे, रेणा नदीच्या काठचे आणि रेणुकादेवीच्या मंदिरामुळे पंचक्रोशीबाहेरही माहीत असलेले गाव. निजामाच्या राजवटीत ते मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या मुलखात मोडत होते, पुढे बीड जिल्ह्यात राहिले, लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाल्यानंतर त्या जिल्ह्यात आले आणि कालांतराने तालुक्याचे ठिकाण झाले. या परिसरातील जमिनीची किंमत ठरवण्याचे काम गेली साडेतीनशेहून अधिक वर्षे चालू आहे. ते काम करणाऱ्यांनी कष्ट घेतले, बारकाईने माती तपासली आणि कागदही जपून ठेवले. पण प्रत्येक पिढीच्या मोजणीने जमिनीला एकच प्रश्न विचारला, की हिच्यातून किती धान्य निघेल आणि त्यावर किती सारा बसेल. शेताचा जो तुकडा धान्य देत नव्हता पण पाणी मुरवत होता, गवत धरत होता, ओघळ थोपवत होता, त्याची नोंद ‘पोटखराब’ अशी झाली आणि त्याच्यापुढे आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम, म्हणून शून्य पडले. खाजगी जमिनीवरील परिसंस्था सेवांचे मूल्य आज अवघड वाटते, याचे एक मोठे कारण या शून्यात आहे.

दख्खनमध्ये जमिनीचा सारा पिकाच्या अंदाजावर ठरवण्याचे श्रेय परंपरेने अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याला दिले जाते. त्याचे निधन १६२६ मध्ये झाले. सतराव्या शतकाच्या मध्यास औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मुर्शिद कुली खान याने उत्तर हिंदुस्थानातील तोडरमलाच्या धर्तीवर मोजणी, पिकाचा वाटा आणि नगदी आकारणी यांची घडी येथे बसवली. पुढे हैदराबादच्या निजामांच्या, म्हणजे आसफजाही, काळात ती घडी पुष्कळशी विसकटली, कारण महसूल वसूल करण्याचे हक्क मक्त्याने दिले जाऊ लागले आणि मक्तेदाराला जमिनीच्या कसाशी नव्हे तर त्या वर्षीच्या वसुलीशी कर्तव्य होते. पहिला सालारजंग हैदराबादचा दिवाण असताना मक्त्याची पद्धत मोडली गेली, १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, झाली, आणि १८७५ च्या सुमारास राज्यात मुंबई इलाख्याच्या नमुन्यावर शास्त्रशुद्ध पाहणी सुरू झाली. मराठवाड्याचा मुलूख मुंबई इलाख्याला लागून असल्यामुळे आणि माती, पिके व गावगाडा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तो नमुना येथे सहज बसला.

तो नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. १८३५ नंतर इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घडवलेल्या आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्क्या झालेल्या या पद्धतीत प्रत्येक सर्व्हे नंबराचे कागदावर सारख्या आकाराचे चौकोनी भाग पाडले जात, आणि प्रतबंदी करणारा कारकून, ज्याला गावकरी ‘क्लासर’ म्हणत, प्रत्येक भागात पहार मारून किंवा खड्डा घेऊन मातीची खोली पाहत असे. रंग आणि पोत यांवरून मातीच्या तीन प्रती ठरत : बारीक पोताची काळी, तिच्याहून भरड आणि बहुधा तांबूस, आणि खडेमिश्रित मुरमाड. खोली हातांत मोजली जाई. पहिल्या प्रतीची माती पावणेदोन हात खोल असेल तर तिला सोळा आणे, तेवढीच खोल दुसऱ्या प्रतीची असेल तर चौदा आणे, आणि असे उतरत उतरत नवव्या वर्गाला दोन आणे. त्यानंतर दोष पाहिले जात. चौकोनात ठिपके दिले की मातीत चुनखडीचे खडे, इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण म्हणजे वाळू, तिरकी रेघ म्हणजे उतार, फुली म्हणजे माती धरून न राहणारी, अशा सात खुणा ठरलेल्या होत्या आणि एका खुणेमागे जमीन एका वर्गाने खाली उतरत असे. सर्व भागांचे आणे एकत्र करून सरासरी काढली की त्या नंबराची आणेवारी निघे, आणि गावाच्या पर्जन्यमान व बाजारापासूनचे अंतर यांवरून ठरलेल्या दराला त्या आणेवारीने गुणले की आकार.

सात दोषांपैकी दोन येथे विशेष महत्त्वाचे आहेत. एक होता वाहत्या पाण्याखाली जाण्याचा धोका आणि दुसरा जमिनीतून पाझरणाऱ्या उपळाचा जास्त ओलावा. पिकाच्या दृष्टीने दोन्ही खरोखर दोषच होते : ओढ्याचे पाणी पसरले की पेरणी धुऊन जाते, आणि उपळट जमिनीत ज्वारी पिवळी पडते. पण ओढ्याचे पाणी जेथे पसरते तेथेच त्याचा वेग मोडतो, गाळ बसतो आणि खालच्या शेतांना पुराचा मार कमी लागतो; आणि उपळ जेथे फुटतो तेथूनच ओढा मार्गशीर्षापर्यंत वाहता राहतो. विंगेटच्या चौकोनात या दोन्ही सेवांची जागा अचूक नोंदली गेली होती, इतकी अचूक की आजच्या संशोधकाला ते जुने प्रतबंदीचे तक्ते हाती लागले तर गावातील पाणथळ जागांचा नकाशाच मिळेल. फक्त त्यांच्यापुढचे चिन्ह वजाबाकीचे होते.

ज्या जागेत पीक मुळीच येत नाही ती सर्व्हे नंबराच्या पोटात राहूनही आकारणीतून वगळली गेली. हाच पोटखराबा. पुढे महाराष्ट्राच्या महसूल नियमांत त्याचे दोन वर्ग झाले : खडक, खळगे, नाले, खाणी यांमुळे लागवडीस अयोग्य ठरलेला तो वर्ग ‘अ’, आणि रस्ता, पायवाट, सार्वजनिक पाणवठा, दफनभूमी अशा सर्वांच्या कामासाठी राखलेला तो वर्ग ‘ब’. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ही तरतूद न्यायाची होती, कारण जे पिकत नाही त्यावर सारा नाही. निजामाच्या प्रजेने मक्तेदारांचा जाच सोसलेला होता, तेव्हा या सवलतीला हलके लेखणे योग्य नाही. मात्र तिचा दूरचा परिणाम वेगळा झाला. जे करपात्र नाही ते मोजण्याचे कारण उरले नाही, आणि जे मोजले गेले नाही ते पुढच्या कोणत्याही हिशेबात, कर्जाच्या, नुकसानभरपाईच्या किंवा विम्याच्या, उभे राहू शकले नाही.

पाण्याचे मोल करण्याचा एक प्रयत्न त्याच काळात शेजारच्या मुंबई इलाख्यात झाला. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने खोदलेल्या विहिरीवर कर लावायचा नाही हे तत्त्व तेथे मान्य होते. पण विहिरीत येणारे पाणी ही जमिनीची नैसर्गिक अनुकूलता आहे, तिच्यावर आकार बसवण्यास हरकत नाही, असे १८८० च्या दशकात जमीन महसूल कायद्यातील दुरुस्तीने ठरवले. म्हणजे विहिरीचे बांधकाम शेतकऱ्याचे आणि झरा मात्र जमिनीचा गुण, अशी फोड सरकारने केली. मूल्यमापनाच्या दृष्टीने ही फोड बारीक आणि मोलाची आहे. पण तो झरा ज्या वरच्या माळावरच्या पावसाने भरतो तो माळ दुसऱ्या कुणाच्या नंबरात असतो, ही गोष्ट त्या फोडीत नव्हती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तर जमिनीखालचे, ठरीव पात्राने न वाहणारे पाणी गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क ज्याची जमीन त्याला दिला. पाणी काढणाऱ्याचा हक्क कायद्यात आला. पाणी मुरवणाऱ्याचा आला नाही.

रेणापूरच्या जमिनीत हा भेद फार खोलवर जाणवतो, आणि त्याचे कारण खडकात आहे. हा सगळा प्रदेश लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. अखंड पाषाणात पाणी शिरत नाही. ते साठते ते पृष्ठभागाजवळच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. काळी माती कोरडी असताना तडकते आणि पहिला पाऊस त्या भेगांतून खाली जातो, पण एकदा ती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पुढचे पाणी वरून वाहू लागते. म्हणून भारी काळ्या रानापेक्षा वरचा बरड, मुरमाड, ज्याला प्रतबंदीत दोन-तीन आणे मिळाले किंवा जो सरळ पोटखराब्यात गेला, तो माळच विहिरींना पाणी पुरवण्यात पुढे असतो, मात्र त्याच्यावर गवत टिकून असेल आणि उतारावर पाणी रेंगाळत असेल तरच. सालाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस, तोही मोजक्या दिवसांत पडणारा, अशा मुलखात माळ आणि मळा यांचे हे नाते सगळ्या शेतीचा पाया होते. धान्याच्या आणेवारीत सोळा आण्यांचे रान आणि पाण्याच्या आणेवारीत सोळा आण्यांचे रान ही येथे बहुतेक वेळा दोन वेगळी राने आहेत.

झाडांच्या बाबतीत मात्र जुन्या राजवटीची नजर चोख होती, कारण तेथे महसूल होता. हैदराबाद संस्थानात शिंदी आणि ताडी यांच्यावरील अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. शिंदीचे झाड पट्टेदाराच्या शेतात उभे असले तरी त्याचा रस काढण्याचा ठेका सरकार देत असे, आणि ज्याच्या जमिनीत झाड आहे त्याला ‘हक्क-ए-मालिकाना’ म्हणून झाडामागे काही रक्कम मिळत असे. खाजगी जमिनीवरच्या झाडाकडून होणाऱ्या लाभाबद्दल जमीनधारकाला ठरीव मोबदला देण्याची ही रीत अशा मोबदल्याच्या पुढच्या काळातल्या योजनांच्या कितीतरी आधीची आहे, जरी तो लाभ सावलीचा किंवा पाण्याचा नसून नशेचा होता. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली ती याच हिशेबाने, निजामाच्या तिजोरीत जाणारा पैसा अडवण्यासाठी. ओढ्याकाठच्या शिंदीची मुळे काठ धरून ठेवतात, ही गोष्ट त्या धामधुमीत ना सरकारच्या खातेवहीत होती, ना झाड तोडणाऱ्यांच्या मनात; आणि त्या वेळी ती असावी अशी अपेक्षाही करता येत नाही.

सरकारी दप्तराबाहेर गावगाड्याने काही सेवांची किंमत स्वतःच ठरवली होती, आणि ती कागदावर नसली तरी काटेकोर होती. मेंढरे बसवण्याची चाल हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. सुगी उलगली की धनगरांचे वाडे बालाघाटच्या माळांवरून खाली येत, आणि रान मोकळे असलेला शेतकरी रात्रीपुरता कळप आपल्या शेतात बसवून घेई. रोज रात्री कळपाची जागा काही हात पुढे सरके, म्हणजे लेंडी आणि मूत सगळ्या रानावर सारखे पडे. मोबदला मेंढ्यांच्या संख्येवर आणि रात्रींवर ठरे. तो धान्यात, कधी रोख आणि शिवाय धनगराच्या जेवणाच्या रूपात दिला जाई. ज्याला आज अन्नद्रव्यांच्या चक्राची सेवा म्हणतात तिचा हा प्रत्यक्ष बाजारभाव होता : घेणारा ठाऊक, देणारा ठाऊक, सेवेचे माप ठाऊक. माळावरचे गवत खाऊन त्याचे खत मळ्यात आणून टाकणारी ही व्यवस्था माळ शाबूत असेपर्यंतच चालणार होती. गवतालाही भाव होता. उभ्या गवताचा सौदा होई, कडब्याच्या पेंढीला बाजार होता, आणि मोमिनाबादला हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी असल्यामुळे पंचक्रोशीतल्या चाऱ्याला रोख गिऱ्हाईकही होते. देवणीसारखी नामांकित गाय-बैलांची जात याच मुलखात घडली, तिच्यामागे ज्वारीचा कडबा आणि बांधा-माळावरचे गवत होते. बांधावरच्या बाभळीचे औत, जू आणि चाक होत असे. लिंब, चिंच, आंबा यांच्या वाटण्या भावाभावांत जमिनीइतक्याच बारकाईने होत. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ मध्ये आला तेव्हा आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी अनुसूचित झाडे खाजगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येईनाशी झाली. झाड मालकाचे, पण त्याच्या असण्यात इतरांचाही लाभ आहे, ही कबुली त्या कायद्यात होती. मोबदला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर जमिनीच्या सेवांशी सरकारचा संबंध आला तो दुष्काळाच्या वाटेने. उतारावरच्या शेतांना समपातळीवर बांध घालण्याची कामे मुंबई राज्यात १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली सुरू झाली होती, आणि त्यांच्या खर्चाचा वाटा जमीनधारकांकडून वसूल होत असे. राज्यपुनर्रचनेनंतर ती मराठवाड्यातही पसरली. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेत, जिचा कायदा १९७७ मध्ये झाला, नालाबांध आणि पाझर तलाव यांना जोर आला. पाझर तलाव ही रचना या लेखाच्या विषयाचे जणू पाठ्यपुस्तकच आहे. नाल्यावर मातीचा बांध घालून पाणी अडवायचे ते कालव्याने वाहून नेण्यासाठी नव्हे, तर तळातून झिरपू देण्यासाठी. लाभ होतो तो बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना. ज्याचे रान बुडते तो मात्र वरचा शेतकरी. त्याला भरपाई मिळाली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, म्हणजे कोरडवाहू जमिनीचा बाजारभाव, उभे पीक, झाडे आणि कायद्याने ठरवलेली अधिक रक्कम. त्या जागेतून आता वर्षानुवर्षे खालच्या दहा-वीस विहिरींना पाणी मिळणार आहे, ऊस उभा राहणार आहे, ही गोष्ट किमतीत धरण्याची सोय कायद्यात नव्हती. खालच्या विहीरवाल्याने वरच्याला काही द्यावे अशी रीतही पडली नाही. रेणेवर भंडारवाडीला मध्यम प्रकल्प झाला, नदीकाठी उसाचे क्षेत्र वाढले, निवाड्याजवळ रेणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा पाण्यातून पैसा कसा होतो हे सर्वांना दिसले. पाणी कुठून येते हे दिसण्याची जागा अजून रिकामीच होती.

१९९० नंतर सोयाबीनने लातूरचे शिवार व्यापले. शंभर दिवसांत येणाऱ्या या पिकाने कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पण त्याच्याबरोबर खरिपाच्या ज्वारीचा कडबा गेला, कडब्याबरोबर गुरे घटली, ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून बांध बारीक झाले आणि बांधावरची झाडे कमी झाली. ज्या माळांना प्रतबंदीने दोन आणे दिले होते तेही पोकलेनने सपाट करून पेरणीखाली आले. हे सगळे प्रत्येक शेतकऱ्याच्या स्वतःच्या हिशेबात बरोबरच होते, कारण त्या हिशेबात बांधाला आणि माळाला भाव नव्हता.

याच सुमारास जगभर निसर्गाच्या कामाची किंमत पैशात मांडण्याची विद्या आकार घेत होती. भारतात या विषयाची पहिली गाजलेली मांडणी १९७९ मध्ये कलकत्ता विद्यापीठातील टी. एम. दास यांनी केली : ५० टन वजनाचे मध्यम आकाराचे झाड ५० वर्षांत प्राणवायू, मृद्संधारण, पाण्याचे चक्र, प्रदूषणनियंत्रण आणि पक्ष्यांचा आसरा मिळून १५ लाख ७० हजार रुपयांचे काम करते. हा आकडा शाळेच्या भिंतींवर पोचला. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टांझा आणि सहकाऱ्यांनी सबंध पृथ्वीच्या सतरा सेवांची किंमत वर्षाला सुमारे ३३ लाख कोटी डॉलर काढली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाचे मूल्य त्याच्या वयाच्या दर वर्षामागे ७४,५०० रुपये धरावे असे सुचवले, आणि त्यातले ४५,००० केवळ प्राणवायूचे होते. अशा आकड्यांनी लोकांचे लक्ष वेधले जाते हे खरे, पण रेणापूरच्या बांधावरील लिंबाला ते लावणे चुकीचे ठरेल. हवेतील प्राणवायू एका झाडाने वाढत नाही आणि त्याची येथे टंचाईही नाही. त्या लिंबाची खरी कामगिरी सावली, पालापाचोळा, मातीची पकड आणि पाखरांनी खाल्लेल्या अळ्या ही आहे. सेवेचे मोल तिची जेथे वाण असते तेथेच ठरते, आणि म्हणून जागतिक सरासरी गावाच्या कामाला येत नाही.

गावाच्या कामाला येतील अशा पद्धती तीन-चार आहेत. जेथे बाजार आहे तेथे बाजारभाव, जसा गवताचा किंवा मेंढरे बसवण्याचा. जेथे सेवा बिघडली तर नुकसान होते तेथे टळलेले नुकसान. जेथे सेवेच्या जागी दुसरी सोय करावी लागते तेथे त्या सोयीचा खर्च, म्हणजे बदली खर्च. आणि यांपैकी काहीच हाती नसेल तर लोकांना विचारून, की ही सेवा टिकावी म्हणून ते किती रक्कम द्यायला तयार आहेत. ही शेवटची पद्धत सर्वांत नाजूक, कारण ज्याच्या खिशात पैसा नाही त्याची तयारी कमी दिसते, गरज मात्र कमी नसते.

बदली खर्चाचे जगातले नाणावलेले उदाहरण न्यूयॉर्क शहराचे आहे. त्या शहराचे पाणी कॅट्स्किल डोंगरातल्या, बहुतांशी खाजगी जमिनींवरून येते. १९९० च्या दशकात पाणी गाळण्याचा प्रचंड प्रकल्प उभारण्याची वेळ आली, ज्याचा अंदाज ६ ते ८ अब्ज डॉलर होता. त्याऐवजी १९९७ च्या कराराने शहराने सुमारे दीड अब्ज डॉलर वरच्या शेतकऱ्यांच्या आणि गावांच्या जमिनी राखण्यावर खर्च करायचे ठरवले. कोस्टारिकाने १९९६ च्या वनकायद्याने कर्बशोषण, पाणी, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य या चार सेवा मान्य करून त्यांच्याबद्दल खाजगी जमीनधारकांना इंधनकरातून पैसे देण्यास सुरुवात केली. दोन्हीकडे आधी खाली राहणाऱ्याने वरच्या जमिनीचे ऋण मान्य केले आणि मग आकडा ठरला.

लातूरला बदली खर्चाचा आकडा मिळाला तो फार महागात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, पाणवठ्यांवर जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी, पाच लाख लिटर घेऊन, लातूरला पोचली. पुढे एकेका फेरीत २५ लाख लिटर येऊ लागले. सुरुवातीच्या ६ कोटी २० लाख लिटर पाण्याच्या वाहतुकीचे रेल्वेचे देयक सुमारे ४ कोटी रुपयांचे होते. म्हणजे लिटरला साधारण ६५ पैसे, नुसत्या वाहतुकीचे. आता एक हेक्टर माळ घ्यावा. त्यावर केवळ एक सेंटिमीटर पाऊस वाहून न जाता मुरला तर तो एक लाख लिटर होतो, आणि त्या उन्हाळ्याच्या दराने त्याची किंमत ६५ हजार रुपये भरते. हा आकडा जसाच्या तसा माळाच्या नावे लिहिणे मात्र अप्रामाणिक होईल. मुरलेल्या पाण्यातला मोठा भाग मुळे आणि ऊन घेऊन जाते, विहिरीपर्यंत थोडेच पोचते. रेल्वेचा दर आणीबाणीतल्या पिण्याच्या पाण्याचा होता, चांगल्या सालातल्या उसाच्या पाण्याचा नव्हे. आणि बदली खर्च तेव्हाच मूल्य म्हणून धरता येतो जेव्हा ती सोय खरोखर करावी लागते. या तिन्ही कात्र्या लावूनही जे उरेल ते दोन आण्यांच्या जमिनीच्या साऱ्यापुढे डोंगराएवढे असेल.

मातीचा भावही असाच अनपेक्षित वाटेने उघड झाला. राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली तेव्हा तलावातला गाळ उपसण्याच्या यंत्राचा आणि इंधनाचा भार योजनेवर होता, वाहतूक मात्र शेतकऱ्याने स्वखर्चाने करायची होती. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून तो गाळ बरड रानांत पसरला. एका हेक्टरावरून एक सेंटिमीटर माती गेली तर ती शंभर घनमीटर, वजनाने सव्वाशे टनांच्या वर भरते. ती तलावातून परत आणायला किती खेपा आणि किती भाडे पडते हे ज्याने गाळ ओढला त्याला तोंडपाठ असते. वरच्या बांधावरचे गवत आणि झाड जे काम फुकट करत होते त्याची ही शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून मोजलेली किंमत आहे, आणि कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा ती विश्वासार्ह आहे.

असे असताना कायद्याची मांडणी वनाभोवतीच फिरत राहिली. वनांविषयीच्या गोदावर्मन खटल्यात २००२ पासून सर्वोच्च न्यायालयाने वनजमीन दुसऱ्या कामाला वळवताना तिचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे पुढच्या अनेक वर्षांतल्या सेवांची आजच्या पैशातली बेरीज, वसूल करण्याचे बंधन घातले. कांचन चोप्रा समितीच्या अभ्यासानंतर २००८ मध्ये हे दर हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये ठरले. जवळजवळ वनच नसलेल्या जिल्ह्याला या दरांचा फारसा उपयोग नाही. खाजगी जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादित होते तेव्हा बाजारभाव, फळझाडे, वनझाडे, विहीर, पाइपलाइन यांची वेगवेगळी मूल्यांकने होतात, पण पाणी मुरवणाऱ्या उताराचे होत नाही. पोटखराब्याची अडचण सरकारच्या ध्यानात आली ती २०१८ मध्ये, आणि नियम बदलून वर्ग ‘अ’ चा जो पोटखराबा शेतकऱ्याने लागवडीखाली आणला असेल त्याला लागवडीयोग्य म्हणून नोंदवून आकार बसवण्याची वाट मोकळी झाली. कर्ज आणि भरपाई यांत मार खाणाऱ्या शेतकऱ्याला या बदलाने दिलासा मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण त्या नियमाचा दुसरा अर्थ असा, की खडकाळ तुकडा फोडून, ओघळ बुजवून पेरला तरच त्याला कागदावर मोल येते. गवतासह राखला तर शून्य कायम राहते.

२०२१ पासून पीक पाहणीचे काम तलाठ्याबरोबर शेतकऱ्याच्या हाती, मोबाइलवरील ई-पीक पाहणीच्या रूपाने आले आहे. त्यात पिकाबरोबर कायम पड आणि चालू पड नोंदवता येते, आणि बांधावरच्या झाडांची जात व संख्या भरण्याचीही सोय आहे. सालारजंगाच्या काळापासून या मुलखातल्या दप्तराने जे शेताच्या पोटात खराबा म्हणून बंद ठेवले होते, त्यातला काही भाग आता मालक स्वतः मोजून सरकारला कळवतो आहे. रेणेच्या पाणलोटातील कोणत्याही गावाने या नोंदींना जुन्या प्रतबंदीचे तक्ते, विहिरींची उन्हाळी पातळी आणि गाळाच्या खेपांचे भाडे जोडले, तर त्या गावापुरता एक खरा अंदाज तयार होऊ शकतो. आणि त्यातून खालचा विहीरवाला, उसाचा फड आणि शहर वरच्या माळाचे किती देणे लागतात हा प्रश्न प्रथमच आकड्यांनिशी विचारता येईल. सातबाऱ्याच्या गाव नमुना बारामध्ये झाडांची संख्या आज येते. तिच्या पुढे रुपयांचा रकाना अजून काढलेला नाही.